शेठला रुमाल

वाटूरच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं गणित शिकवलं, पण ते मला येतं की नाही याची खात्री आजही नाही. तेव्हा पुढचं लिहितोय ते कुणाला शिकवण्यासाठी नाही. मलाच ते अजून उलगडलेलं नाही, म्हणून लिहितोय.

दैवशाला माझी जुनी विद्यार्थिनी. फाट्यावर भाड्याच्या गाळ्यात तिचं शिलाईचं दुकान आहे. मालकाने गाळा विकायला काढला. बँक कर्ज द्यायला तयार होती, पण आधी स्वतःचे तीन लाख भरायचे होते, तेही दिवाळीच्या आत. नाहीतर गाळा एका मोबाइलवाल्याला जाणार होता. अशात टीव्हीवरच्या पेट्यांच्या खेळात तिचा नंबर लागला.

खेळ असा. सोळा बंद पेट्या. एकीत शंभर रुपये, एकीत वीस लाख, बाकीच्यांत मधल्या रकमा. आपण एक पेटी न उघडता स्वतःजवळ ठेवायची आणि उरलेल्या एकेक उघडत जायचं. उघडली ती रक्कम गेली. मधेमधे पडद्यामागच्या शेठचा फोन येतो, की इतके घ्या आणि तुमची पेटी मला द्या. घेतले तर खेळ संपला. नाही घेतले तर पुढची पेटी.

मी एक्केचाळीस भाग पाहून वही भरली होती. उरलेल्या रकमांची बेरीज करायची आणि पेट्यांच्या संख्येने भागायचं, ही सरासरी. शेठ सुरुवातीला सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच देतो. पेट्या कमी होतील तसा तो सरासरीच्या जवळ सरकतो. पाच उरल्या की शंभराला पंच्याऐंशी, चार उरल्या की नव्वद.

"म्हंजे घाई न्हाई करायची," दैवशाला म्हणाली.

"नाही करायची," मी म्हणालो, आणि लगेच मला वाटलं, चुकीचं तर सांगितलं नाही ना. "आणखी एक. बक्षिसातून तीस टक्क्यांहून जास्त कर कापतात. तीन लाख हातात पडायचे तर साडेचार तरी मिळायला हवेत."

तिचे सासरे कडूबा शेजारी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी जन्मभर बैलांच्या बाजारात दलाली केली. "हां, हे बराबर बोलले गुरुजी," ते म्हणाले. "साडेचार. बाकी तुमची वही ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी."

सोबत दोन माणसं न्यायची परवानगी होती. कडूबा आणि मी मुंबईला गेलो. तिथल्या दिव्यांच्या उजेडात मला माझं नावसुद्धा दोनदा सांगावं लागलं. दैवशाला मात्र गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तशी शांतपणे पेट्या उघडत होती.

शेवटी पाच पेट्या उरल्या. रकमा होत्या शंभर, पाच हजार, पन्नास हजार, तीन लाख आणि वीस लाख. फोन वाजला.

"दैवशालाताई, शेठ देतायत चार लाख!" चमकत्या कोटातला सूत्रसंचालक ओरडला. "घेणार?"

तिने माझ्याकडे पाहिलं. सरासरी चार लाख एकाहत्तर हजार वीस. चार लाख म्हणजे तिचे जवळजवळ पंच्याऐंशी टक्के, अगदी वहीबरहुकूम. पुढच्या पेटीतून वीस लाख जाण्याची शक्यता पाचात एक. ते गेले तर शेठ ऐंशी हजारही देणार नाही. पण बाकी चार वेळा तो चार लाख साठ हजारांच्या वरच देईल. नाकारायचं. इतकं स्वच्छ उत्तर मला क्वचितच सुचलं असेल. मी तोंड उघडलं.

तेवढ्यात कडूबा उठले. "चारमधी न्हाई जमायचं. साडेचार म्हणावं शेठला."

"काका, इथे भाव नाही करत. हो किंवा नाही, एवढंच."

"असं कुठं असतंय? त्यानं त्याचा सांगितला, आता आमचा ऐकंल का न्हाई? फोन तर तुमच्याच हातात हाये." खांद्यावरचा रुमाल त्यांनी आपल्या हातावर टाकला आणि हात फोनसमोर धरला. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, तसा. "द्या म्हणावं हात."

सगळे हसले. सूत्रसंचालकही हसत फोनवर काहीतरी बोलला. मग त्याचं हसू थांबलं.

"शेठना मान्य आहे. साडेचार लाख."

मान्य? इतक्या लवकर? म्हणजे आपणच कमी मागितले. सरासरीहून एकवीस हजार वीस रुपये कमी! मी मान हलवली. नको, नको. दैवशालाने ते पाहिलं. चांगलं दोन क्षण पाहिलं. मग ती वळून म्हणाली, "घेतले."

तिची पेटी उघडली. आत पन्नास हजार होते.

परतताना गाडीत मी कडूबांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"काय कळायचं? मला काय पेटीतलं दिसत व्हतं?"

"मग साडेचार का?"

"तुम्हीच बोल्लते की. आन् तो शेठ रोज बाजारात बसतो, गुरुजी. आज गेलं त्याचं, तर उंद्या निघंल. आपण एकदाच आल्तो."

जालना येईपर्यंत मी मनात तेच मांडत आणि पुसत होतो. सरासरी मग कुणाची, शेठची? चार लाख एकाहत्तर हजार वीस ही रक्कम त्या पाचांतल्या एकाही पेटीत नव्हती, हे मला आधी का दिसलं नाही? आणि पेटीतून वीस लाख निघाले असते तरी कडूबांचं म्हणणं बरोबरच ठरलं असतं का? ठरलं असतं, असं वाटतं. मग पुन्हा वाटतं, कुणास ठाऊक.

दिवाळीआधी गाळा दैवशालाच्या नावावर झाला. पूजेला आलेल्या प्रत्येकाला ती सांगत होती, "आमच्या गुरुजींच्या हिशोबानं झालं." मला ते सोसेना. मी तिला बाजूला घेतलं.

"दैवशाला, मी नको म्हणत होतो."

"दिसलं की मला!" ती हसली. "घरी तुम्ही साडेचार सांगितलं, तिथं मान हलवून राह्यलते. मी पहिलं उत्तर धरलं. वर्गात तुम्हीच न्हाई का म्हणायचे, घाबरून खाडाखोड करू नका?"

असं मी म्हणायचो? आठवत नाही. स्वतः तर मी फळ्यावरचं बरोबर उत्तरही पुसून पुन्हा मांडायचो.

"गुरुजी, बसा आता!" कडूबांनी खुर्ची पुढे सरकवली. "का खुर्चीबी एकदा भागून बघायची?"

बसलो. आतल्या यंत्रावर तिने नवीन काम लावलं होतं. मी पिशवीतून वही काढली. बेचाळिसावा भाग आमचाच होता. उरलेल्या रकमा लिहिल्या, सरासरी लिहिली, चार लाख लिहिले, त्यापुढे साडेचार. शेवटचा रकाना होता 'काय करायला हवं होतं'. तिथे मी 'नाकारायचं' लिहिलं. खोडलं. 'घ्यायचं' लिहिलं आणि बराच वेळ पेन हातात धरून बसलो.