कुंडी केलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला पाहून ते तुमच्या लक्षात येणार नाही. तुम्हाला दिसेल ते पुलाजवळच्या चौथऱ्यावर बसवलेले एक गुलाबी धूड. माझ्या पुढच्या टोकाला दोन टपोरे डोळे आणि लाल ओठ रंगवलेले आहेत. होडीला ओठ कशाला हवेत, हे मला आजतागायत कळलेले नाही. पोटात माती भरली आहे, मातीत पिवळी फुले आहेत आणि फुलांच्या मधूनमधून आइस्क्रीमचे कप, चघळून थुंकलेली च्युइंग गम आणि कोणाच्या तरी बाळाचा गुंडाळून कोंबलेला लंगोट आहे. याला इथले लोक प्रेक्षणीय स्थळ म्हणतात. मला माझीच शिसारी येते.

मी अशी जन्मले नव्हते. नदीकाठच्या उघड्या छपराखाली एका सुताराने मला घडवले. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताचा हळुवार होता. फळ्या एकमेकींना भिडवून त्याने फटींत सुताचे पीळ ठोकले आणि वरून गरम डांबर फिरवले. ज्याच्यासाठी मला घडवले, त्या नावाडीमामाने मला रात्रभर पाण्यात बांधून ठेवले आणि सकाळी उतरून माझ्या तळावर आतून हात फिरवला. हात कोरडा निघाला. "पोरगी पक्की आहे," मामा म्हणाला. त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षे काढली.

या काठावर घरे होती, पलीकडे भाज्यांचे मळे, शाळा आणि डॉक्टर. त्यामुळे सकाळी मी पोरे नेत असे, दुपारी टोपल्या आणि अडीअडचणीला आजारी माणसे. होडी ढकलायचा बांबू मामाच्या हातात असे, पण पाण्याला ओढ असली की तो मुकाट्याने मामीच्या हातात जाई. काठावर उतरल्यावर मामा छाती काढून चाले आणि मामी त्याच्याकडे पाहून हसे. मित्रांनो, तेव्हाही माझ्या अंगावर चिखल असे, मासळीचा वास असे. परीक्षेला घाबरलेल्या एका पोराने तर ऐन मध्यावर माझ्यात ओकारी केली होती. पण त्याची मला कधी किळस वाटली नाही. कामाची घाण पाण्याने धुतली की जाते.

मग पूल झाला. गरज सरो, वैद्य मरो. ज्यांना मी पाळण्यातले असल्यापासून नेले, ते पुलावरून जाताना खाली वळूनही पाहीनासे झाले. मामा त्यानंतर फार जगला नाही. मामीने मला काठावर नेऊन पालथे घातले. पालथे असणे यात होडीला काही अपमान नाही. तळाला वारा लागतो, लाकूड सुके राहते. मी वाट पाहत पडून राहिले.

माझ्याभोवती वस्ती वाढली. नदी दिसते म्हणून लोक इथे राहायला आले आणि आल्याबरोबर त्यांनी मोऱ्यांचे नळ नदीत सोडले. पुढच्या गॅलरीत वेताच्या खुर्च्या मांडायच्या, "काय शांत वाटतं ना इथे" असे पाहुण्यांना म्हणायचे आणि मागच्या खिडकीतून खरकटे फेकायचे, ही इथली रीत. संध्याकाळी हीच मंडळी नाकाला रुमाल लावून काठाने फिरत आणि नदीला नावे ठेवत. पाण्यावर साबणाचा पिवळट फेस तरंगू लागला, तर त्याचेही फोटो निघाले. पाहून माझ्या अंगावर काटा येई.

पुढे वस्तीची सुशोभन समिती निघाली. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक तिचे अध्यक्ष झाले. सगळे त्यांना अध्यक्षकाका म्हणत. माणूस वाईट नव्हता. फक्त कोणतीही वस्तू दिसली की तिला रंग द्यावा, एवढेच त्यांना सुचत असे. बंद पडलेल्या घड्याळाच्या मनोऱ्याला त्यांनी रंग दिला, घड्याळ तसेच ठेवले. नदीत उतरणाऱ्या पायऱ्यांना रंग दिला, त्यांवरचे शेवाळ तसेच ठेवले. हंसाच्या आकाराच्या पायडलच्या बोटी आणल्या. मग पुलाजवळ मोठा फलक लागला, 'आमच्या वस्तीत काय पाहाल'. मनोरा, पायऱ्या, हंस आणि शेवटी मी.

मला उचलून चौथऱ्यावर बसवले, सिमेंटमध्ये जखडले. मामी काठी टेकत आली तेव्हा एक माणूस माझ्या पोटात उभा राहून ड्रिलला वायर जोडत होता.

"तळाला भोकं पाडू नका हो," मामी म्हणाली. "मग ती होडी राहत नाही."

"मामी, आता तिला कुठे जायचंय?" अध्यक्षकाका म्हणाले. "पाणी साचलं तर झाडं कुजतील."

सगळे हसले. मामीही थोडे कसनुसे हसली, कारण एकट्या माणसाने तरी किती वाद घालायचा? माझ्या तळाला पाच भोके पडली. मग माती आली. ओली माती लाकडाला चोवीस तास चिकटून बसली की काय होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. मी आतून कुजू लागले. बाहेरून मात्र दरवर्षी नवा गुलाबी रंग मिळे.

त्या वर्षांबद्दल फार सांगत नाही. लोक माझ्या काठावर बसून फोटो काढत आणि उठताना हातातला कचरा मलाच देत. कुत्रे येत, तंगडी वर करत. त्यांचे काही नाही, ती बिचारी जनावरे. पण फिरायला येणारे एक गृहस्थ रोज न चुकता माझ्यात थुंकत आणि वर सोबत्याला स्वच्छतेवर व्याख्यान देत.

मग तो दिवस आला. वर धरण भरले होते, पाणी सोडले गेले. सूचना देणारी गाडी भोंगा वाजवत रुंद रस्त्यांवरून फिरली. खालच्या गल्लीत ती मावत नव्हती, म्हणून तिथे गेलीच नाही. तरी आरडाओरडा ऐकून बहुतेक घरे रिकामी झाली. त्या गल्लीतला शिंपीदादा मात्र अडकला. त्याच्या म्हाताऱ्या आईला, वस्तीच्या आजीला, चालता येत नव्हते. मशीन आणि गिऱ्हाइकांचे कपडे माळ्यावर टाकून तो तिला पाठीवर घेऊन निघाला, तोवर गल्लीत गळ्यापर्यंत पाणी आले होते. त्याला पोहता येत नव्हते. मग तो तिला घेऊन कसाबसा छपरावर चढला. पत्र्यावर बसलेली ती दोघे मला चौथऱ्यावरून दिसत होती.

पूल पाण्याखाली गेला, चढावरचा माझा चौथरा तेवढा कोरडा राहिला. बचाव पथकाच्या बोटी पलीकडे अडकल्या. आपले हंस तर सकाळीच साखळी तोडून, माना ताठ ठेवून वाहून गेले होते. गॅलऱ्यांतून लोक ओरडून सल्ले देत होते. उंटावरचे शहाणे तेव्हा फार झाले. कोणी म्हणे दोर फेका, कोणी म्हणे हेलिकॉप्टर बोलवा. आणि मग मामी म्हणाली, "होडी आहे की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिले. त्या गुलाबी तोंडाने मीही त्यांच्याकडे पाहिले. अध्यक्षकाका स्वतः फावडे घेऊन धावले. फुले उपटली, माती उपसली, सिमेंट फोडले. पाचही भोकांत कपड्यांचे बोळे ठोकले आणि मला पाण्यात ढकलले. इतक्या वर्षांनी पाणी अंगाला लागले, आणि ते आत यायला लागले.

बोळे टिकत नव्हते. तेव्हा अध्यक्षकाका आत बसले आणि दोन भोकांवर त्यांनी दोन टाचा रोवल्या. समोर बसून वस्तीतल्या औषधांच्या दुकानदाराने तसेच केले. पाचव्या भोकावर मामीने पाय दिला, उभी राहिली आणि बांबू हातात घेतला. दुकानदार दोन्ही हातांनी पाणी उपसत होता, अध्यक्षकाकांचे ओठ पांढरे पडले होते. मामी मात्र बांबू टेकवत होती तशीच, मामाच्या वेळी टेकवायची तशी.

आम्ही छपराला लागलो, तेव्हा माझ्यात घोट्याच्या वर पाणी होते.

"आधी हिला घ्या," शिंपीदादा म्हणाला. त्याने आईला अलगद खाली सोडले.

"तू पण ये रे," आजी म्हणाली.

मामीने पाण्याकडे पाहिले. "दोघं नाही मावणार, बाळा. हिला ठेवते आणि लगेच येते."

"या सावकाश. मी कुठे जातोय?" तो म्हणाला आणि आईच्या डोक्यावरचा घसरलेला रुमाल त्याने वाकून नीट केला.

आजीला आम्ही काठाच्या वरच्या, अजून कोरड्या पायऱ्यांवर उतरवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामीने टाळ्यांकडे पाहिलेही नाही, मला लगेच वळवले. अध्यक्षकाका आणि दुकानदार पुन्हा आत बसले, टाचा पुन्हा भोकांवर ठेवल्या. पण लाकूड मातीने खाल्ले होते. काठापासून हातभरही गेलो नाही, तोच दोन भोकांमधली फळी मोडली आणि मी बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी बुडाले, आणि तेही काठाला. तिघांना लोकांनी ओढून बाहेर काढले. थोड्या वेळाने शिंपीदादाच्या घराची भिंत गेली, आणि तिच्यामागून छप्पर.

पाणी उतरल्यावर तो गल्लीच्या तोंडाशी सापडला.

मित्रांनो, माझी गोष्ट इथेच संपली असती तर बरे झाले असते. पण समितीने मला गाळातून काढले. मोडक्या फळीवर पत्रा ठोकला, नवा रंग दिला, डोळे थोडे मोठे केले आणि पुन्हा चौथऱ्यावर बसवून माती भरली. नवा फलकही तयार झाला. 'या होडीने महापुरात प्राण वाचवले.' फलकावरचा पडदा बाजूला करायला आजीलाच बोलावले. ती आता मामीकडे राहते. मामीने तिला चाकांच्या खुर्चीतून आणले. समोर बरीच गर्दी होती आणि त्या गर्दीत ते थुंकणारे गृहस्थही पहिल्या रांगेत होते.

आजीने पडद्याच्या दोरीला हात लावला नाही. तिने खुर्ची माझ्याजवळ न्यायला सांगितली. मातीत बोटे खुपसून ती थोडा वेळ चाचपत राहिली.

"भोकं बुजवलीत का?" तिने विचारले.

"नाही आजी," अध्यक्षकाका पटकन म्हणाले, "बुजवली तर झाडं कुजतील."

बोलून गेल्यावर त्यांना ते ऐकू आले.   आजीने मातीचा हात पदराला पुसला आणि मामीला म्हणाली, "चल."

पडदा शेवटी दुसऱ्याच कोणी तरी बाजूला केला. टाळ्या वाजल्या आणि जाताना कोणी तरी माझ्यात रिकामा कप ठेवला.

मित्रांनो, तुम्ही कधी इकडे आलात तर माझा फोटो काढू नका. मला रंग नको आणि कौतुकही नको. तुमच्या गावात, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल आणि तिला जपावेसे वाटत असेल, तर तिचे काम जपा. ते जमत नसेल तर तिला पालथी घालून ठेवा, पण भोक पाडू नका.