पथ्यातलं कलिंगड

झावियाच्या सिझेरियनच्या वणाशेजारी एक गाठ होती. पाळी आली की ती सुजायची, ठणकायची. पाळी सरली की निमूट व्हायची. वीस वर्षं झावियाने ती कुठल्याच डॉक्टरला दाखवली नाही. दाखवायचं काय? ती कशाने झाली हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बाळंतपणाच्या पथ्यात तिने कलिंगड खाल्लं होतं.

खाल्लं होतं हे खरंच. तापल्या दगडांनी पोट शेकून, वर पट्टा आवळून निजवलेल्या बाईला तहान लागणार नाही तर काय? एक फोड चोरून खाल्ली आणि साल नेमकी सासूच्या, मेक सोमच्या हाती लागली. मेक सोमच्या जिभेला हाड नव्हतं. सून कळवळली की तिचं ठरलेलं, "थंड खाऊ नको म्हटलं होतं ना? आता भोग!" झाविया तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात राहिली. पाळी थांबली की सुटू, एवढीच आशा.

पाळी थांबली. गाठ वाढतच गेली. वरची कातडी काळीनिळी पडली तेव्हा मुलगी सुहैलाने तिला ओढतच शहरातल्या इस्पितळात नेलं.

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तराचे कण कापलेल्या जागी राहिले, तिथेच रुजले, दर महिन्याला तिथेच रक्तस्राव होत राहिला. अशा गाठीचा कॅन्सर फार क्वचित होतो. हिच्या गाठीचा झाला होता, आणि जांघेपर्यंत उतरला होता.

"आणि कलिंगड?" झावियाने विचारलं.

"कसलं कलिंगड?"

"पथ्यात खाल्लं होतं मी."

"त्याचा काय संबंध, मावशी? सुपारीएवढी होती तेव्हा आला असतात, तर कापून टाकली असती. विषय संपला असता."

झाविया रडली नाही. ती संतापाने ताडकन उठली.

घरी ओसरीवर शेजारणी जमल्या होत्या. मेक सोम त्यांना सांगतच होती, "कलिंगड! दुसरं काय?"

"तोक, डॉक्टर म्हणाल्या त्याचा काही संबंध नाही," सुहैला आजीला म्हणाली.

"कालची पोर ती! तिला काय कळतंय? खाल्लं होतं की नव्हतं, विचार तुझ्या आईला."

शेजारणींनी माना डोलावल्या. आपण मेलो तरी हे कलिंगड मानगुटीवरून उतरणार नाही, हे झावियाला कळून चुकलं. ती उठून आत गेली.

सुहैला मागोमाग आली. "मा, रागावू नकोस हं." तिने आईचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. तिचंही बाळंतपण ऑपरेशनने झालेलं, बाळ नुकतं कुठे चालायला लागलेलं. वणाशेजारी झावियाच्या बोटांना टणक, सुपारीएवढं काहीतरी लागलं.

"दुखतं?"

"पाळीत दुखतं."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"पथ्यात बर्फाचं सरबत पिताना तूच पकडलं होतंस ना मला. म्हणालीस, आता भोग."

म्हणाली होती. सासूचेच शब्द, सासूच्याच ठसक्यात. झावियाने लेकीचा हात घट्ट धरला.

"सरबताने काही होत नाही, पोरी," ती म्हणाली. "तुझी काही चूक नाही. उद्या सकाळीच डॉक्टरकडे जायचं."

हे झावियाला स्वतःला कुणीच वेळेवर म्हटलं नव्हतं.