निळ्या दोऱ्याची जास्वंद

लतिकाबाईंच्या पर्समध्ये तीन गोष्टी कायम असायच्या. घडी घातलेला रुमाल, खडूचा तुकडा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली कुणाच्या ना कुणाच्या बागेतली फांदी.

बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवरा नविन रेल्वेत. मसोलीतलं त्यांचं अंगण माणसं जाता-येता थांबून बघायची. क्रोटन, शेवंती, अबोली, चार रंगांच्या बोगनवेली. आणि त्यातलं अर्धं अंगण चोरीचं! हळदीकुंकवाला गेल्या की वाणाबरोबर मनीप्लँटचं टोक घरी यायचं, दवाखान्यात गेल्या की औषधाबरोबर क्रोटनची काडी. वर हसत सांगायच्या, "विकत आणलेलं मरतं, मागून आणलेलं रुसतं, चोरून आणलेलंच तरारतं!" आपणही हसतोच की अशा वेळी. खोटं कशाला बोला, आपल्यापैकी कितीजणांचा मनीप्लँट मालकाला विचारून घरी आलाय?

"एक दिवस पकडली जाशील," नविन म्हणायचा.

"अहो, फांदीसाठी कुणी पोलीस बोलावत नाही!"

जानेवारीतल्या एका रविवारी बाई स्कूटीवरून गंजाडला जयवंतीच्या रोपवाटिकेत गेल्या. जयवंतीची निम्मी हयात चिकूच्या वाडीत कलमं बांधण्यात गेलेली. आता घरालगतच्या तुकड्यात तिनं स्वतःची रोपं मांडली होती. मदतीला पाड्यावरची सोमी. फाटकाजवळ एक पत्र्याचा डबा ठेवलेला असायचा. छाटणीत निघालेल्या फांद्या जयवंती त्यात पाणी घालून ठेवायची आणि वर पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'फुकट. घेऊन जा.'

बाईंनी डब्याकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. फुकटच्या काडीत कसली आली मजा!

जयवंती चहा टाकायला आत गेली. सोमी मागच्या बाजूला पिशव्यांत माती भरत होती. कोपऱ्यात गुलाबी जास्वंदीचं जुनं झाड होतं. त्याच्या एका टपोऱ्या फांदीवर निळ्या लोकरीचा दोरा बांधलेला आणि दोऱ्याखाली बोराएवढं हिरवं फळ. जास्वंदीला फळ? असेल काहीतरी. दोरा कुणा पोरानं खेळताना बांधला असेल. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि खट्! फांदी पर्समध्ये गेली. मग बाईंनी चहा घेतला, शेणखताच्या दोन पिशव्या घेतल्या आणि जयवंतीला "येते हं" म्हणून निघाल्या.

घरी आल्यावर त्यांनी फांदी तिरकी कापली, खालची पानं काढली. काडी लावताना फूल, कळी, फळ काही ठेवायचं नसतं, सगळा जोर मुळांना जाऊ द्यायचा असतो. बाईंना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी फळ नखानं खुडलं आणि खताच्या खड्ड्यात टाकलं. निळा दोरा मात्र कामाचा निघाला. काडीला आधाराची कामटी बांधायला तोच वापरला.

तीन आठवड्यांत काडीला पालवी फुटली. खुशीत बाई पुन्हा गंजाडला गेल्या. जयवंती उंबऱ्यावर नुसती बसून होती. समोर रोपं पाण्यावाचून माना टाकून उभी.

"काय गं, बरं नाही का? सोमी कुठाय?"

"तिचं नाव नका काढू बाई," जयवंती म्हणाली, आणि मग तिला राहवेना. "आमची गुलाबी जास्वंद कशी चिवट, माहिताय ना? कीड नाय, रोग नाय. आनी मी उधव्याहून एक पिवळी आनलेली. फूल ह्या ताटलीएवढं, पन उन्हाळा आला की चालली मरायला. म्हटलं, दोघींचं एक झाड करायचं. फूल त्या पिवळीचं, जीव ह्या गुलाबीचा. तीन वर्सं, बाई! रोज सकाळी पिवळीचा पराग घेऊन गुलाबीच्या फुलाला लावायचा. फळ धरायचं नि आठ दिसांत गळायचं. यंदा एकच टिकलं. चाळीस दिवस झालेले. अजून पंधरा-वीस दिवस, की बी हातात. खूण म्हनून निळा दोरा बांधलेला. फांदीच तोडून नेली!"

बाई तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकल्या.

"कोणी?"

"सोमीनं. दुसरं कोन? तिलाच ठाऊक होतं ते काय हाय. कुना नर्सरीवाल्याला दिली असंल. चार बायकांत चोर म्हनले मी तिला. तेव्हापासून येत नाय. आता गुरुवारी वसईकडं वीटभट्टीवर चाललीय, पोरांना घेऊन. पोरांची शाळा गेली, पन मी तरी काय करू?"

आता बोलायचं होतं. आत्ता, या क्षणी! पण बाई म्हणाल्या, "अरेरे." आणि उठल्या. रोज सकाळी फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' असं सुवाच्य अक्षरात लिहिणारी ही बाई, दुसरीवर आलेला आळ कानांनी ऐकून 'अरेरे' म्हणाली आणि स्कूटीला किल्ली लावून घरी आली!

घरी आल्या त्या थेट खताच्या खड्ड्याशी. दोन्ही हातांनी कचरा उपसायला लागल्या. नविन बाहेर आला तर बायको कोपरापर्यंत शेणामातीत, डोळ्यांतून पाणी.

"काय शोधतेस?"

त्यांनी सगळं सांगितलं.

"वापीला मोठी नर्सरी आहे," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "तिथून जयवंतीला भारीतलं पिवळं जास्वंद आणून देऊ. दोन देऊ! सोमीनं घेतलं नसेल, असंही सहज बोलता बोलता सुचवीन तिला."

"झाडाचं दुकान वापीला आहे गं. सोमीचं गेलेलं नाव कुठल्या दुकानात मिळतं?" नविन म्हणाला. "फांदी तू तोडलीस, फळ तू फेकलंस, ते झालं. पण आज तू गप्प बसून आलीस ना, ती खरी चोरी. गुरुवारी ती बाई पोरं घेऊन टेम्पोत बसेल आणि तू वर्गात हजेरी घेत असशील. चालेल तुला?"

"मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही हो."

"तिला तरी कुठं राहिलीय?"

सोमवारी बाईंनी रजा टाकली. स्कूटीच्या पुढ्यात कुंडी ठेवली आणि गंजाडला गेल्या. काही सांगायची गरजच पडली नाही. जयवंतीनं कुंडी पाहिली, कामटी पाहिली, कामटीभोवतीचा निळा दोरा पाहिला.

"फळ कुठाय?"

"फेकलं. मला काय माहीत... काडी लागावी म्हणून..."

"दारात डबा भरून ठेवते मी, बाई! फुकट! त्यात ह्याच गुलाबीच्या फांद्या होत्या, ह्याच झाडाच्या! त्या दिसत नव्हत्या तुमाला?"

दिसत होत्या. तेच तर सांगवत नव्हतं. लतिकाबाईंची मान जी खाली गेली ती वर येईना.

आता जयवंती शिव्या घालील, असं त्यांना वाटलं. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ती मटकन खाली बसली. "फळाचं जाऊ द्या. फळ परत धरंल. पन मी काय केलं हे? तुमी फांदी नेलीत, आनी मी माज्या सोमीची अब्रू नेली! चला. आत्ताच्या आत्ता चला."

सोमी पाड्यावर बोचकं बांधत होती. बाईंनी अडखळत सगळं सांगितलं. जयवंतीनं तिचा हात धरायला हात पुढे केला. सोमीनं आपला मागे घेतला.

"तू मला इचारलंच नाय," ती जयवंतीला म्हणाली. "म्या बी रोज सकाळी ते फळ बघायचे. गेलं तवा मलाबी रडू आलं. पन तू इचारलं नाय, बोट दाखवलंस."

मग ती बाईंकडे वळली. "हितं घरात येऊन काय सांगता? ज्या बायांत मला चोर म्हनलं, त्या बायांत सांगा. चला हातपंपावर."

तीनशे पोरांसमोर रोज प्रार्थना सांगणाऱ्या बाई हातपंपापाशी पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या. पाणी भरणाऱ्या बायका थांबल्या. "फांदी मी चोरली," बाई म्हणाल्या. "सोमीनं काही केलेलं नाही. मी चोर आहे." पाठोपाठ जयवंतीनंही सगळ्यांसमोर हात जोडले. एकीचा अर्धा भरलेला हंडा तसाच पंपाखाली राहिला.

निघताना बाईंनी कुंडी सोमीपुढे ठेवली. "हे झाड तुझं."

"मला नको. तुमच्याच दारात लावा. आनी जो कोन चांगलं म्हनंल, त्याला सांगायचं, कुठून आनलं नि कसं आनलं. दर वेळंला."

गुरुवारी टेम्पो आला आणि सोमीला न घेता गेला. पण जयवंतीकडे ती महिनाभर फिरकली नाही, दुसऱ्याच्या मिरचीवर मजुरीला गेली. जयवंती रोज तिच्या दाराशी जाऊन बसायची. शेवटी एका सकाळी सोमी आपणहून आली आणि म्हणाली, "दोरा कुठं हाय? आता म्या बांधते."

आणि मसोलीच्या दारातली जास्वंद? ती तरारली! चोरलेलं रोप जगतं, त्यात शंका नाही. गुलाबी फुलांनी ते झाड असं लगडलं की रस्त्यावरचा माणूस थांबावा. माणसं थांबायची, वाहवा करायची आणि दर वेळी लतिकाबाईंना सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. सवयीनं लाज बोथट होईल, असं त्यांना वाटलं होतं. झाली नाही. अजून त्यांचे कान तापतात. पण त्या सांगतात. फाटकाशी आता त्यांचाही एक डबा असतो, फांद्यांनी भरलेला.

मंडळी, फांदी तोडताना आपल्याला फक्त फांदी दिसते. तिच्यावर कुणाची तीन वर्षं लटकलेली आहेत आणि आळ कुणाच्या डोक्यावर पडणार आहे, ते दिसत नाही. म्हणून आधी विचारावं. फांदी घेतानाही विचारावं आणि कुणाला चोर म्हणण्याआधी तर दहादा विचारावं!

परवाच शाळेतल्या कीर्ती मॅडम आल्या होत्या. "अगंबाई, काय सुरेख जास्वंद! कुठून आणलीत?" असं म्हणता म्हणता त्यांचं नख एका कोवळ्या शेंड्यावर टेकलंही होतं. लतिकाबाईंनी सांगायला सुरुवात केली. दोरा, फळ, सोमी, हातपंप. ऐकता ऐकता मॅडमचा हात हळूच मागे आला. मग त्या अगदी लहान आवाजात म्हणाल्या, "एक फांदी... घेऊ का?"

"घ्या ना," लतिकाबाई म्हणाल्या आणि कात्री आणायला आत गेल्या.