आयच्या खांद्यामागे

नयनाताईच्या डोळ्यांत हिवाळ्यातल्या समुद्राची चकाकी होती. सतत हलणारी, कुठेच न टेकणारी. पापण्या आवळून ती जगाकडे पाहायची, आणि हवे तेवढेच ठेवून बाकीचे पुसून टाकता यावे अशी एक अस्वस्थ ओढ तिच्या प्रत्येक हालचालीत असायची. अर्नाळ्याचे आमचे अंगण, त्यातल्या लोंबत्या दोऱ्या, शेजारचा निळा पिंप, सारे तिच्या फोटोंत आगंतुकासारखे येऊन बसे. एव्हरशाईन सिटीत ज्या दवाखान्यात ती नोकरीला होती, तिथल्या मैत्रिणीचा जुना, खिशात मावणारा कॅमेरा तिने घेतला होता. मोठ्या कॅमेऱ्यात माणसामागचे जग सहज विरघळते. या लहानग्याला जवळचे आणि दूरचे सारखेच स्वच्छ दिसे. ताई महिनोन्महिने त्याच्याशी झगडली.

त्या हेमंतात, उन्हे कलताना, तिला वाट सापडली. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या मांडवापासून तिने आमच्या आयला बरेच पुढे, ओल्या वाळूवर आणून उभे केले, स्वतः मागे मागे सरत गेली आणि झूम पूर्ण ताणला.

“पोरी, एवढ्या लांबशी काय दिसनार तुला?” आय ओरडली.

मांडवाखाली बाबा फाटके जाळे सांधत बसले होते. ताईने त्यांना बाजूला व्हायची खूण केली.

“मी कोनाला आडवा येतो?” म्हणून ते हसले आणि पुन्हा जाळ्यावर वाकले.

“राहू दे. नाहीतरी दिसणार नाहीत ते,” ताई मला म्हणाली.

फोटो अप्रतिम आला. आयच्या कपाळावरची सुरकुती न् सुरकुती रेखीव, आणि मागे नुसते सोनेरी धुके.

त्याच थंडीत, एका सकाळी होडीकडे निघालेले बाबा दारातच कोसळले आणि गेले. कॅमेरा रोखला की तोंड फिरवणाऱ्या त्या माणसाचा ओळखपत्रावरच्या घाबऱ्या चेहऱ्याखेरीज घरात एकही फोटो नव्हता. ताईने सारे फोटो उपसले. बाबा सापडले ते त्या एकाच चित्रात, आयच्या खांद्यामागे, तपकिरी डाग होऊन. विरारच्या स्टुडिओत तिने तो डाग मोठा करून घेतला; जितका मोठा केला तितके बाबा विरत गेले. तिचे अन्न तुटले. घरभर नुसती फिरायची.

“मीच पुसलं त्यांना,” एकदा ती मला म्हणाली.

आयने ते ऐकले. फोटो हातात घेऊन, चष्मा न लावताच ती म्हणाली, “डावा खांदा बघ, उतरलाय. सुई दातात धरलीय. तोच हाय.” मग फोटो हातभर लांब धरून, “होडीवरनं येताना मला असाच दिसायचा. लांबशी. मी कधी चुकले नाय.”

ताई त्या दिवशी प्रथमच रडली.

तो फोटो आयसकट, अखंडच भिंतीवर लागला. हार आणला तर आयने हात धरला: “मी जिवंत हाय ना त्यात!” म्हणून बाबा हारावाचून राहिले. ताई अजूनही येता-जाता तिथे थबकते, पापण्या आवळते आणि पुढे जाते. गेलेल्या माणसाची रेषा ऋतूगणिक पुसट होत जाते. त्याची वाट पाहणारी नजर मात्र वर्षागणिक अधिकच स्पष्ट होत राहते.