रविवारचा फोटो

आजारी माणसाला खूश ठेवायची मला वाईट खोड आहे. तीच खोड बाईंच्या पायावर बेतली.

बाई म्हणजे निवृत्त गणिताच्या शिक्षिका. साखरेच्या आजारामुळे टाचेला झालेली जखम आठ महिने भरत नव्हती. दर मंगळवारी मी घरी जाऊन पट्टी बदलायची आणि टॅबवर जखमेचा फोटो काढायची. पडद्यावर मागच्या फोटोची पुसट सावली दिसते. ती पायाशी जुळवून बटण दाबलं की टॅब जखम मोजून आकडा देतो. पेशंटला बोलवायचं की नाही, हे डॉक्टर त्या आकड्यावरून ठरवतात.

"किती आले?" बाई पेपर तपासून घेतल्यासारखं विचारायच्या. आकडा वाढला की दिवसभर जेवायच्या नाहीत. म्हणून मी टॅब जरा तिरका धरू लागले, दर आठवड्याला आणखी थोडा. तिरक्या फोटोत जखम लहान येते, हे आम्हा नर्सना न शिकवता कळतं. सात मंगळवार आकडा उतरत गेला. बाई खूश, डॉक्टर खूश. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं.

आठव्या मंगळवारी पट्टी सोडली, टॅब उघडला आणि चक्रावलेच. पडद्यावरची सावली माझ्या फोटोची नव्हतीच. टाच अगदी समोरून, सरळ घेतलेली आणि जखम माझ्या आकड्याच्या दुप्पट. खाली तारीख रविवारची. फोटो काढणारीचं नाव माझं.

रविवारी टॅब दवाखान्याच्या कपाटात असतो आणि किल्ली माझ्याकडे. मी दिवसभर बहिणीकडे होते.

"बाई, रविवारी कोण आलं होतं?"

"अगं, तूच की! बस म्हटलं तर बसली नाहीस. हात इतके गार, की मी पायच आखडून घेतला. टॅब मात्र छान सरळ धरलास हो."

सोडलेली पट्टी मी कचऱ्यातून उचलली. पट्टीवर तारीख लिहायची माझी सवय आहे. रविवारचीच होती, माझ्याच अक्षरात. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मग मीही टॅब सरळ धरला. सावली टाचेवर नेमकी बसली, पण जखमेची काळी कड सावलीतल्या जखमेच्याही बाहेर गेली होती. दोन दिवसांत एवढी! फोटो काढून मी डॉक्टरांना फोन लावला.

"मागच्या मंगळवारपर्यंतचा आलेख तर उत्तम आहे, घाई कसली?" ते म्हणाले.

"आलेख खोटा आहे. मी फोटो तिरके काढलेत. आत्ताचा बघा."

त्यांनी फोटो उघडला. "लगेच आणा. आज आलात तर पाय वाचेल. तुमचं नंतर बघू."

अँब्युलन्स येईपर्यंत मी बाईंच्या पायाशी बसून राहिले. लाजेनं मान वर होत नव्हती. "बाई, मी तुम्हाला सात आठवडे फसवलं," म्हटलं.

"माहीत आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "रविवारी जाताना तूच सांगितलंस ना."

"काय सांगितलं मी?"

"म्हणालीस, मंगळवारी ती येईल. तिनं कबूल केलं तर पाय राहील." बाईंनी चष्मा सारखा केला. "ती म्हणजे कोण, ते तेवढं विचारायचं राहिलं."