तीन नंबरची कॉइल

त्या रविवारी आमच्या घरी जेवताना माझ्या मुलीने ‘दादा’ हा शब्द अकरा वेळा उच्चारला. मी मोजले. दादा म्हणजे तिचे सासरे, माझे व्याही झुंबरराव. दिंडोरीच्या अलीकडे त्यांची दोन एकर द्राक्षबाग आहे, आणि यंत्राच्या बाबतीत त्यांच्या हाताला गुण आहे असे सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

मी एकतीस वर्षे नोटांच्या प्रेसमध्ये फिटर होतो. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत कुणाची गाडी रुसली की आधी माझ्या दारची बेल वाजायची. तेजल दहा वर्षांची असल्यापासून माझ्या शेजारी उभी राहून बॉनेटमध्ये डोके घालायची. मी हात पुढे केला की न सांगता दहाचा पाना हातात यायचा. काढलेल्या प्रत्येक पार्टवर पांढऱ्या पेंटने त्याचे दुखणे लिहून ठेवायचे, ही माझी सवय. तिनेही ती उचलली. तिच्या कंपासपेटीतल्या बंद पडलेल्या पेनावर ‘शाई सुकली’ असे लिहिलेले असायचे.

तिला दिंडोरीच्या शाळेत नोकरी लागली, मग झुंबररावांच्या संघर्षशी लग्न झाले. माझी जुनी पेट्रोल गाडी मी तिलाच दिली. गाडी गेली तरी तिची दुखणी माझ्याकडेच येणार, हे मी धरूनच चाललो होतो. जावईबापूंना पाना कुठून धरायचा हेही ठाऊक नाही. पहिले वर्षभर दर महिन्याला गाडी यायची आणि गाडीबरोबर तेजल यायची. गेले सहा महिने दोघींचा पत्ता नव्हता.

आणि आज कळले, का.

“अण्णा, गाडी मिस मारत होती, नुसते धक्के द्यायची,” तेजल सांगत होती. “दादांनी चालू इंजिनवर एकेका कॉइलचा सॉकेट काढून बघितला. तीन नंबरचा काढला तर आवाज बदललाच नाही. म्हणजे तीच गेलेली. नवीन आणून दहा मिनिटांत बसवली.”

“ही पद्धत मीच तुला शिकवली होती,” मी म्हणालो.

“हो ना! पण दादांना कुणी न शिकवता येते.”

मी वाटीतले वरण उगाच ढवळत बसलो.

“आन् स्टेरिंग लय कुरकुरायचं,” झुंबरराव म्हणाले. साधा माणूस, खाली मान घालून बोलणारा. “त्याचं तेल खाली गेलं व्हतं. मंग पुढची चाकं जॅकवर घेतली, इंजिन बंद ठेवून स्टेरिंग या टोकाचं त्या टोकाला फिरवलं ईस-पंचवीस बारी. हवा निघून गेली समदी. मी काय फिटर नाय तुमच्यासारखा भाऊ, आपलं अंदाजानं करतो.”

“अंदाजाने नाही काही! दादांचं काम एकदम पक्कं असतं,” तेजल म्हणाली. हा अकरावा.

जेवण झाले. माझ्या बायकोने, लताने, व्याह्यांना आतल्या खोलीत चादर घालून दिली. मायलेकी ओट्याशी बोलत बसल्या. मी पान आणतो म्हणून निघालो तो थेट गाडीपाशी. किल्ली तेजलने टीव्हीवर ठेवली होती, ती उचलली होतीच.

पहिल्यांदा स्टिअरिंगच्या तेलाची बरणी उघडली. मनात म्हटले, शेतकरी माणूस, घातले असेल ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक. तसे निघाले असते तर मला सोन्याहून पिवळे होते. बोट बुडवले, वास घेतला. लाल, स्वच्छ, हवे तेच तेल, आणि पातळी बरोबर खुणेवर. झाकणाच्या कडेलासुद्धा एक थेंब सांडलेला नव्हता. मला इतका राग आला की झाकण मी वाकडेच लावले आणि पुन्हा काढून सरळ लावले.

शेजारी तीन नंबरची नवी कॉइल चकाकत होती.

कॉइल म्हणजे बोटभर लांबीची काळी दांडी आणि वर चपटे डोके. प्लगला ठिणगी तीच पुरवते. या गाडीच्या दोन निकामी कॉइल माझ्या पत्र्याच्या डब्यात पडून होत्या. डबा जिन्याखालीच असतो. तिथेच सगळी मसलत जमली. नवी काढायची, मेलेली घालायची. ही मंडळी निघताना गाडी थरथरेल. झुंबररावांचे तोंड उतरेल. मग मी बाह्या सरसावणार, पाच मिनिटांत खिशातली नवी कॉइल हातचलाखीने बसवणार आणि म्हणणार, ‘काही नाही, नीट बसली नव्हती.’ तेजल बघेल, पक्के काम कुणाचे असते ते.

वयाची साठी ओलांडलेला माणूस असे करतो का? मी केले. दोन मिनिटे लागली. नवी कॉइल सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पान न घेताच वर आलो.

चार वाजता ती दोघे निघाली. मी मुद्दाम बाह्या आधीच दुमडून खाली उतरलो होतो. तेजलने किल्ली फिरवली.

गाडी मऊसूत चालू झाली. थरथर नाही, काही नाही.

“ऐकलंत अण्णा? दादांचा हात!” तेजलने खिडकीतून हात हलवला. झुंबररावांनी हात जोडून जयभीम केला आणि गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. नवी कॉइल माझ्या खिशातच होती.

धावत जिन्याखाली गेलो. चष्मा लावला. डब्यात उरलेल्या कॉइलच्या दांडीवर माझ्याच अक्षरात लिहिले होते, ‘मेली’. म्हणजे घाईत, चष्म्याशिवाय, मी दुसरी घातली होती. तिच्यावर काय लिहिले होते ते मला तोंडपाठ होते. ‘गरम झाली की मिस’, आणि खाली माझे नाव, ‘पुंजाराम’.

आधी मनात आली ती पोरीची काळजी. भर रस्त्यात, मागे द्राक्षाचे ट्रक, आणि गाडीचा दम जाणार. मग, खरे सांगतो, दुसरी आली ती त्या अक्षराची भीती. कॉइल बसलेली असताना दांडी आत असते, काही दिसत नाही. पण गाडी मिस मारली की तेजल काय करणार? तीन नंबरची कॉइल उपसून बघणार. मीच शिकवले होते.

फोन लावला. उचलला नाही. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही मीच शिकवलेले.

पाऊण तासाने तिचाच फोन आला. “अण्णा, दिंडोरी रस्त्याला, ढकांब्याच्या अलीकडे थांबलोय. गाडी मिस मारत होती.”

“तू काही उघडू नकोस. मी येतो.”

“उघडली,” ती म्हणाली. “तीन नंबरची काढलीय. हातातच आहे.”

मागून झुंबररावांचा आवाज आला, “काय झालं गं बाय?”

“काही नाही दादा. कॉइल खराब निघाली.” आवाज अगदी सरळ होता. “नवीन होती, पण वस्तूच वाईट निघाली.”

“मंग माझंच चुकलं. पारखून घ्याया पायजे व्हती. भाऊला बोलीव, त्यान्ला यातलं जादा कळतं.”

हेच तर मला ऐकायचे होते. सबंध दुपार मी याच वाक्यासाठी खटपट केली होती.

स्कूटरवर पोहोचेपर्यंत ऊन कलले होते. झुंबररावांनी उठून माझा हात धरला. मी खिशातून कॉइल काढली, ‘घरी एक पडून होती’ असे काहीतरी पुटपुटलो आणि बसवली. गाडी चालू झाली. बसवताना मी हात पुढे केला, तेव्हा पाना तेजलने दिला नाही, झुंबररावांनी दिला.

“शिकावं तर तुमच्याकडून भाऊ,” ते म्हणाले. मग त्यांनी बॉनेटच्या कडेवरची जुनी कॉइल उचलली, डोळ्यांपासून लांब धरून निरखली. “हिच्यावर काय लिवलंय? माझा चष्मा नाय.”

मी तेजलकडे पाहिले. तिने कॉइल त्यांच्या हातातून घेतली.

“कंपनीचा नंबर आहे, दादा. तुम्ही बसा गाडीत, दमला असाल.”

ते बसायला गेले. मला रडू आले. शेवटी माझीच पोर, बापाची लाज राखली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो.

ती मागे सरकली. कॉइल माझ्या खिशात घालत हळूच म्हणाली, “तुमच्यासाठी नाही बोलले मी, अण्णा. ते बाजारात, मळ्यात, सगळीकडे सांगत फिरतात, आमचे व्याही म्हणजे काय माणूस आहे. त्यांना हे कळलं तर जेवण जाणार नाही त्यांना.”

मग ती गाडीत बसली. झुंबररावांना पट्टा लावता येईना, तो तिने वाकून लावून दिला.

ते बघून, एवढे सगळे झाल्यावरही, माझ्या छातीत पुन्हा तेच जळायला लागले.