अठरा सेकंद

वाहतूक नियंत्रण कक्षात तिने पडद्यावरचं चित्र मोठं केलं, आणि चहाचा कप तसाच हातात राहिला. चौकाच्या कडेला, झेब्रा पट्ट्यांपाशी, तिचे सासरे उभे होते.

पादचाऱ्यांचा हिरवा दिवा लागला. त्यांनी काठी पुढे टाकली, एक पाऊल उतरवलं, दिव्याखालचे आकडे अठरापासून भराभर कमी होताना पाहिले आणि पाऊल मागे घेतलं. असं चार वेळा झालं. पलीकडच्या कडेला त्यांचा जुना दोस्त, बस डेपोतला मेकॅनिक, तोही तसाच खोळंबला होता. शेवटी दोघांनी एकमेकांना हात केला आणि आपापल्या घराकडे वळले.

आता हे अठरा सेकंद ठरवले कुणी? हिनेच. हिच्या यंत्रणेमुळे सिग्नल गर्दी बघून आपले आपण बदलायला लागले, अर्ध्या तासाचा खोळंबा नऊ मिनिटांवर आला. महिनाभर बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते.

संध्याकाळी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बाबा, भेटले का आज मेकॅनिककाका?"

"भेटला की. त्याच्या तोंडाला काय, खळ नाही."

"मी कॅमेऱ्यात पाहिलं तुम्हाला."

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, मग आणखी एक घातली.

"दिवा पुरत नाही, हे मला सांगायचं नाही का?"

"तीस वर्षं बस चालवली मी. त्या चौकात शिव्या खाल्ल्या, दिल्याही. आता गाड्या सुरळीत निघतात, लोक तुझं नाव घेतात. दोन म्हाताऱ्यांसाठी त्यात खोडा कशाला घालायचा? हात करतो आम्ही. चालतं."

चालतं म्हणे. तिला रडू आलं आणि रागही आला. राग कुणाचा, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी तिचा कागद दोनदा वाचला.

"चाळीस सेकंद? नऊ मिनिटांची बारा होतील. वर काय सांगू मी?"

"माझा हिशेब चुकला होता, असं सांगा. पायी चालणारे मी धरलेच नव्हते."

साहेब बराच वेळ पेन फिरवत बसले. मग आठवडाभर बघू म्हणाले आणि नाखुशीने सही केली.

त्याच संध्याकाळी पाच वाजता चाळीस सेकंदांचा हिरवा दिवा लागला. सासरे निघाले. पलीकडून मेकॅनिकही निघाला. कुणी कुणाकडे जायचं, हे दोघांनी कुठे ठरवलं होतं? बरोबर रस्त्याच्या मध्यावर गाठ पडली आणि दोघे तिथेच थांबले. मेकॅनिकने हात पुढे केला. सासऱ्यांनी तो धरला तो धरलाच.

आकडा दहावर आला. नऊ. आठ.

"अहो, चला ना," ती पडद्याला म्हणाली.

साहेब केव्हाचे मागे येऊन उभे होते.

"ओळखीचे?"

"सासरे आहेत."

दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या. साहेबांनी त्या पाहिल्या, मध्ये उभे असलेले दोघेही पाहिले.

"मग बघत काय बसलात?" ते म्हणाले. "आकडा थांबवा."